कणगीचा उपास

कणगीनं रेणुका सरनोबतला उपाशी ठरवलं, तेव्हा तिच्या पोटात दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी होती.

ही कणगी काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. आफ्रिकेच्या दक्षिण भागात लेसोथो नावाचा डोंगराळ देश आहे. तिथल्या हा-मोतेबांग या गावात शाळेच्या भिंतीला टेकून पुरुषभर उंचीचं एक पत्र्याचं यंत्र उभं होतं. आत मक्याचं पीठ, बाहेर एक नळी. नळीत फुंकर मारायची. फुंकणारा उपाशी असेल तर हिरवा दिवा लागायचा आणि खालच्या तोटीतून पिठाचं माप पडायचं. नसेल तर यंत्र ढिम्म. मदत संस्थेनं त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, पण ते संस्थेबाहेर कुणी उच्चारलं नाही. गावकरी त्याला 'सेसिउ' म्हणत. धान्य साठवायची गवताची विणलेली मोठी टोपली, ती सेसिउ. रेणुका मूळची कोल्हापूरची. खरी सेसिउ पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, ही तर कणगी!" तेव्हापासून यंत्रालाही ती कणगीच म्हणायची. तो हक्क तिला होता, कारण यंत्राचं नाक तिनं बनवलं होतं.

शास्त्र तसं सोपं आहे. पोटात अन्न गेलं नाही की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरतं. ती संपली की चरबी जाळायला घेतं. चरबी जळताना ॲसिटोन तयार होतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाला जो वास येतो, तोच हा. भूक जितकी जुनी, तितकं ॲसिटोन जास्त. माणूस खोटं बोलेल, रडून दाखवेल, पुढाऱ्याची चिठ्ठी आणेल. श्वासाला यातलं काही जमत नाही. रेणुकाचा संवेदक ॲसिटोनचा अगदी लेशसुद्धा हुंगायचा.

पण हुंगणं वेगळं आणि अर्थ लावणं वेगळं. किती ॲसिटोन म्हणजे माणूस उपाशी? ही रेघ मारायला अशी माणसं लागतात, ज्यांची भूक आपल्याला आधीच ठाऊक आहे. पीएचडी करताना रेणुकानं ती माणसं आपल्याच गल्लीत गोळा केली होती. तिच्या आईच्या भजनी मंडळातल्या बायकांचे श्वास तिनं उपासाच्या दिवशी घेतले आणि एरवीच्या दिवशीही घेतले. इतक्या हौसेनं, ठरल्या तिथीला आणि फुकटात उपास करणाऱ्या बायका जगात दुसरीकडे कुठं मिळणार? त्या दोन श्वासांच्या मधोमध तिनं रेघ मारली, आणि त्याच रेघेवर कणगी गेली कित्येक वर्षं चालत होती.

तर त्या दिवशी संकष्टी होती. रेणुका काही देवभोळी नव्हे, पण आई फोनवर विचारायची, आणि आईशी खोटं बोलण्यापेक्षा उपास सोपा. डरबानहून आणलेला साबुदाणा भिजवून तिनं दुपारी खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं, आणि ऊन उतरल्यावर यंत्राचं नाक बदलायला शाळेत गेली. पुढच्या आठवड्यात राजधानीत, मासेरूला, संस्थेची मोठी बैठक होती. दुष्काळी पट्ट्यातल्या सगळ्या छावण्यांत हीच कणगी बसवायचं घाटत होतं. नवं नाक बसवून तिनं चाचणीपुरती फुंकर मारली. हिरवा दिवा लागला आणि पीठ थेट तिच्या बुटांवर पडलं.

पाण्याला आलेल्या बायका खो-खो हसल्या. सगळ्यात मोठ्यानं हसली ती मथाबो. गावातल्या कणगीची देखभाल तिच्याकडे होती. पन्नाशीची विधवा, जिभेची तिखट आणि रेणुकाची इथली पहिली मैत्रीण. मथाबो म्हणजे थाबोची आई. आपल्याकडे 'बंड्याची आई' म्हणतात तसं, फक्त इथं बाईचं पक्कं नाव तेच. थाबो कधीच खाणीत कामाला गेला होता. आणि कुठल्याही मोठ्या बाईला इथं 'म्मे', म्हणजे आई, असं म्हणायची रीत.

"म्मे रेणुका," मथाबो म्हणाली, "संस्था तुला पगार देत नाही का गं?"

रेणुकाही हसली. मग तिनं दुसरं नाक लावून पाहिलं. पुन्हा हिरवा दिवा. मग ती हसायची थांबली.

खोलीवर येऊन तिनं आईला फोन लावला. मालनबाई नुकताच चंद्र बघून जेवायला बसत होत्या.

"आई, मी तुमच्या मंडळातल्या बायकांचे श्वास घेतले होते बघ. त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं होतं?"

"काय खाणार? उपास न्हवता का आमचा!"

"म्हणजे काहीच नाही?"

"काय सुदिक न्हाई. सकाळी उगं वाटीभर खिचडी. दुपारी वरीचा भात नि दाण्याची आमटी. शेवंताकाकूनं रताळ्याचा कीस आणलावता." आई जरा थांबली. "तू बी खाल्लीस की! दोनदा मागून घेतलीस."

 लहानपणी 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून आईला चिडवणारी रेणुका ती हीच. पण हातात नळी आल्यावर तिनं प्रत्येकीला विचारलं होतं, "काही खाल्लंय का?" आणि प्रत्येकीनं देवाच्या साक्षीनं सांगितलं होतं, "नाही बाई, उपास आहे." त्यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. उपासाचं खाणं हे आपल्या लेखी खाणं नव्हेच. परदेशातल्या एखाद्या शास्त्रज्ञानं निदान विचारलं तरी असतं की, ताई, मग ताटात हे काय आहे? रेणुकाला तो प्रश्न सुचला नाही, कारण एक ताट तिच्याही हातात होतं.

म्हणजे रेघ फार खाली मारली गेली होती. भात-भाकरी सुटली आणि दाणे-तूप वाढलं की ॲसिटोन किंचित वाढतं. त्या किंचितलाच यंत्र 'दिवसभराची उपासमार' समजून बसलं होतं. पोटात वाटीभर असलेल्या अर्धपोटी माणसालाही ते उपाशी म्हणायचं आणि पीठ द्यायचं.

आणि गंमत अशी की नेमक्या या चुकीमुळे हा-मोतेबांग वर आलं होतं. लेसोथोत मका पेरतात दिवाळीच्या सुमारास. खुरपणी येते जानेवारीत, आणि घरातलं धान्य संपतं तेही जानेवारीतच. एकट्या बाईच्यानं सगळं रान खुरपून होत नाही. मग ती 'लेत्सेमा' बोलावते. आपल्याकडची इर्जिकच ती. सारं गाव कुदळी घेऊन एकाच्या रानात उतरतं, गाणी म्हणत काम उरकतं, आणि रानाच्या मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पण जेवू घालायला घरात काही नसेल तर लेत्सेमा कशी बोलावणार? मग तण माजतं, पीक निम्म्यावर येतं आणि पुढच्या वर्षी भूक आणखी लवकर दारात येते. कणगीनं हे रहाटगाडगं थांबवलं, कारण ती माणूस पुरता उपाशी पडायची वाट पाहत नव्हती. अर्धपोटी बाईला पीठ मिळे, त्यातलं थोडं ती लेत्सेमासाठी मागे टाकी, आणि तिचं रान वेळेवर खुरपलं जाई. मथाबोचं रान तर साऱ्या खोऱ्यात नाव घेण्यासारखं झालं होतं. संस्थेच्या अहवालांत मात्र या सगळ्याचं श्रेय यंत्राच्या 'अचूकपणा'ला होतं.

दुसऱ्या दिवशी रेणुकानं मथाबोला सगळं सांगितलं. मथाबो अंगणात कणसं सोलत होती. खिचडीपर्यंत ती हसत ऐकत होती, नंतर तिचा हात थांबला.

"म्हणजे आम्ही उपाशी नव्हतो?"

"अर्धपोटी होता."

"आणि हे तू मासेरूला जाऊन सांगणार. या गावानं इतकी वर्षं फुकटचं खाल्लं म्हणून."

"मी चुकले असं सांगणार आहे, म्मे मथाबो. गावाचं नावही घेणार नाही."

"तू काहीही सांग. ऐकणारे काय ऐकतील ते मला ठाऊक आहे." मथाबोनं कणीस टोपलीत टाकलं. "नको सांगूस. कुणाचं काय बिघडलंय? तुझ्या आईच्या खिचडीनं इथं पोरं मोठी झाली. राहू दे की तसंच."

 खरं तर रेणुकालाही गप्पच राहायचं होतं. निघताना मथाबोनं तिला जेवायला थांब म्हटलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं, आणि ते रेणुकाला फार लागलं.

मासेरूच्या बैठकीला ती गप्प राहायचं ठरवूनच गेली होती. पण डॉ. वाम्बुई बोलायला उभ्या राहिल्या. त्या तिच्या वरिष्ठ. नैरोबीहून सगळं काम पाहायच्या. आवाज न चढवता त्यांनी एका छावणीची हकीकत सांगितली. तिथं पिठाचे ट्रक येतात, पण रांगेच्या शेवटापर्यंत पीठ पुरत नाही. ज्यांच्या पायांत बळ आहे ते पुढे असतात. तान्ही मुलं घेऊन बसलेल्या बाया मागे राहतात. "म्हणून आपल्याला कणगी हवी," त्या म्हणाल्या. रेणुकाकडून उचललेला तो शब्द त्या आता सगळीकडे वापरत. "ती फक्त खऱ्या उपाशालाच देते. मग मागच्या बाईपर्यंत पीठ पोचेल."

पोचणार नव्हतं. हे त्या दालनात एकट्या रेणुकाला ठाऊक होतं. ही कणगी पुढच्या अर्धपोटी तरण्याताठ्यांनाही उपाशी म्हणणार होती आणि शेवटच्या बाईपर्यंत तिचा तळ दिसणार होता. रेणुका उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

 मग एका गृहस्थांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे उपासाला खातात?" "पोटभर," रेणुका म्हणाली.

"एक विनंती आहे," ती वाम्बुईंना म्हणाली. "लेसोथोतली रेघ आहे तिथंच राहू द्या. तिथलं पीक त्या चुकीवर उभं आहे."

"दोन रेघा कशा ठेवू, रेणुका? भुकेचा नियम इथं एक, तिथं एक? पीठ तेवढंच आहे. तिथं लेत्सेमाच्या पातेल्यात पडलेलं पीठ छावणीत कमी पडणार." वाम्बुई दुष्ट नव्हत्या. त्यांचं म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

रेघ वर सरकली. खरोखर अन्नावाचून राहिलेल्या माणसांचे श्वास घेऊन नव्यानं मोजमाप झालं. लोक नुसते फुंकर मारून परत जाऊ लागले. पुरत्या उपाशी माणसाला मात्र आता एकदम मोठं माप मिळे. गावोगाव एक नियमही गेला, की पिठासाठी कुणी मुद्दाम उपाशी राहिल्याचं आढळलं तर यंत्र तिथून हलवलं जाईल.

कोल्हापुरात वेगळाच भडका उडाला. "म्हंजे आम्ही लबाड ठरलो व्हय साऱ्या जगात?" मालनबाई फोनवर कडाडल्या. संस्थेनं मंडळाला पाठवलेलं आभारपत्र खोलीतल्या भिंतीवर होतं, ते बायकांनी उतरवून ठेवलं. शेवंताकाकूनं तर इरेला पेटून पुढची एकादशी निर्जळी केली आणि तिन्हीसांजेला भोवळ येऊन पडली. आई महिनाभर रेणुकाशी बोलली नाही. मग एकदा तिनंच फोन केला. म्हणाली, "खरं ते बोललीस, बरं केलंस. पण बायकांची नावं कुठं छापू नगंस."

पुढच्या जानेवारीत वाम्बुईंनी रेणुकाला नैरोबीच्या कार्यालयात हा-मोतेबांगचे आकडे दाखवले. कणगी आता क्वचितच उघडत होती. उघडायची ती एखाद्याच बाईसाठी, पण त्या बाईची भूक फार खोल असायची. दर खेपेला बाई वेगळी. "बघ," वाम्बुई म्हणाल्या, "खरी गरज कुठं आहे ते आता दिसतंय."

रेणुकाला ते पटेना. आख्खं गाव बऱ्यापैकी खातंपितं आणि एकटीच मरणाची उपाशी? तेही आळीपाळीनं? कुठंतरी पाणी मुरत होतं. ती मिळेल त्या विमानानं निघाली.

मथाबो घराबाहेर उन्हात चटईवर पडली होती. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, तरी तिनं अंगावर घोंगडी ओढली होती. गाल बसले होते, ओठांवर पापुद्रे धरले होते. रेणुका बोलायला खाली वाकली आणि मथाबोच्या श्वासाचा वास तिच्या नाकात शिरला. ओळखायला तिला यंत्राची गरज पडली नाही.

"किती दिवस?"

"नको विचारूस. तू मोजत बसशील."

शेजारणीनं सगळं सांगितलं. बायकांनी नंबर लावले होते. जिची लेत्सेमा असेल तिच्यासाठी दुसरी कुणीतरी उपाशी राहायची. दिवा लागला की मोठं माप मिळे, त्यात घराघरातून पसापसा घालून पातेलं चढे. शेजारणीच्या रानात आता तण गुडघ्याला लागलं होतं. तिच्यासाठी या खेपेला मथाबो बसली होती. सकाळी तिनं फुंकर मारली, पण दिवा लागला नाही. आणखी थोडं थांबावं लागेल म्हणून ती पडून होती.

"हे आताच्या आता थांबवा," रेणुका म्हणाली. "काहीतरी खाऊन घ्या. मरायचंय का?"

"खाल्लं की आजवरचं फुकट जाईल. तूच वर नेलीस ना रेघ? मग आम्हीही तिथवर जातो." मथाबो हसायला गेली आणि तिला ठसका लागला. "तुझी आई उपास करते तो कुणासाठी?"

"आमच्यासाठी."

"मग माझ्यावर का ओरडतेस?"

"माझी आई खिचडी खाते!" रेणुका ओरडलीच. आणि मग तिला रडू कोसळलं. राग मथाबोचा होता, स्वतःचा होता, आणि या बाईवर आपला किती जीव आहे हे तिला या घडीला नको तितकं कळलं होतं. हे वर कळवलं तर नियमाप्रमाणे कणगी उचलून नेणार. नाही कळवलं तर कुठल्यातरी एका खेपेला एखादी बाई चटईवरून उठणारच नाही. गप्प राहून गाव वाचत नव्हतं आणि खरं बोलूनही वाचत नव्हतं. खरं तर तिनं एकदा बोलून पाहिलंच होतं.

तिसरा एक मार्ग होता. पूर आला, भूकंप झाला, तर कणगी हातानं उघडायची सोय होती. त्यासाठी रेणुकाचा अंगठा चाले. मात्र उघडताक्षणी नैरोबीला कळणार होतं, आणि इथं सांडलेलं पीठ कुठल्या तरी छावणीच्या वाट्याचं असणार होतं. रेणुकाला रांगेच्या शेवटी बसलेल्या त्या बाया आठवल्या. त्या तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. तरी ती शाळेकडे चालू लागली.

तिनं अंगठा टेकवला. तोटी उघडली आणि पीठ पडत राहिलं. कुणी नळीत फुंकलं नव्हतं. बायका आधी नुसत्या बघत राहिल्या. मग एकीनं घमेलं पुढे केलं, दुसरीनं पाटी आणली, आणि बघता बघता सगळ्या जणी धावल्या. रेणुकानं ओंजळभर पीठ घेऊन शेजारणीच्या चुलीवर स्वतःच्या हातानं पातळ पेज केली. इतक्या उपासावर एकदम पोटभर खाणं जिवावर बेतलं असतं. मथाबोनं मान फिरवली. रेणुकानं तिला समोरची भरलेली घमेली दाखवली. तेव्हा कुठं मथाबोनं तोंड उघडलं आणि रेणुका तिला चमच्यानं पेज भरवू लागली.

फोन वाजला. वाम्बुई होत्या.

"काय झालं? पूर आलाय का?"

"नाही."

"मग? किती जण उपाशी होते तिथं?"

"एक," रेणुका म्हणाली.

"एक?" वाम्बुईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एका बाईसाठी तू सबंध कणगी रिकामी केलीस?"

"हिच्यानंतर दुसरीचा नंबर होता."

 मग वाम्बुईंनी सावकाश विचारलं, "उपाशी राहायचा नंबर? कुणी लावला तो?"

"आपण," रेणुका म्हणाली आणि मथाबोच्या तोंडाशी पुढचा चमचा नेला.